फ्रेंच शिकून काय वावर नांगरणार?

२०२५ च्या उन्हाळ्यात आपल्या राज्यात भाषेवरून जेवढं रान पेटलं, तेवढं मागच्या कित्येक वर्षांत पेटलं नव्हतं. एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला. जूनमध्ये त्यातला 'अनिवार्य' शब्द काढून दुसरा आला. मग मोर्च्याची घोषणा झाली, दोन भाऊ एकत्र आले, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. आपल्या कामरगावात पेरणीची घाई असतानाही टपरीवर लोक त्रिभाषा सूत्रावर तावातावानं बोलत होते. चांगलं झालं. भाषेवर लोक बोलतात म्हणजे भाषा जिवंत आहे.

पण या सगळ्या गदारोळात एका भाषेचं नावही कोणी काढलं नाही. ती म्हणजे फ्रेंच.

तुम्ही म्हणाल, पत्रकार भाऊ, सोयाबीनच्या भावाचं बोला, पीक विम्याचं बोला, हे फ्रेंच कुठून आणलं? थांबा जरा. पुण्या-मुंबईत अकरावीचा फॉर्म भरताना हजारो मराठी घरांतली मुलं दुसरी भाषा म्हणून मराठी सोडतात आणि फ्रेंच नाहीतर जर्मन घेतात. कारण विचारा, एकच उत्तर मिळतं, मार्क पडतात. मराठीत निबंध लिहा, कवितेचं रसग्रहण करा, तरी मास्तर हात आखडता घेतात. फ्रेंचमध्ये पाच वाक्यं पाठ केली, रिकाम्या जागा भरल्या की टक्केवारी वर. मराठी शाळांत सक्तीची करणारा २०२० चा कायदा दहावीपर्यंतच आहे. अकरावीत मोकळं रान. बारावीचा निकाल लागला की ही फ्रेंच रद्दीवाल्याकडं जाते आणि पोरगं इंजिनिअरिंगला. म्हणजे मराठीही गेली आणि फ्रेंचही आली नाही. मराठीच्या नावानं भांडणाऱ्या कुठल्याच पक्षाला हे दिसत नाही, कारण हिंदीविरुद्ध बोललं की टाळ्या पडतात, मार्कांविरुद्ध बोललं तर मतदाराच्याच घरात भांडण लागतं.

ही झाली शहरातली फ्रेंच. मला बोलायचंय ते दुसऱ्या फ्रेंचबद्दल, जी विद्यापीठात तीन-पाच वर्षं घालून शिकतात, भाषा, साहित्य, इतिहास, सगळ्यासकट. आणि ती आपल्याकडच्या लेकरानं शिकावी का, याबद्दल.

विषय निघाला त्याला कारण आहे. आपल्याच भागातली एक मुलगी, नाव-गाव सांगत नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, कला शाखेतून बारावी. मोबाईलवर फुकटचे धडे पाहून पाहून तिनं बऱ्यापैकी फ्रेंच शिकली आणि आता तिला त्यातच बी.ए. करायचंय. घरी कोरडवाहू चार एकर. बाप माझ्याकडं आला, पत्रकाराला सगळं माहीत असतं असा आपल्या लोकांचा एक गोड गैरसमज आहे. त्यानं सरळ विचारलं, "भाऊ, नोकरी लागते का त्याच्यावर?" प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर पुढं देतो. पण गावात जे बोललं गेलं ते रास्त नव्हतं. "पोरीले फ्रेंच शिकवून का विमानात बसवतं का?" "फ्रेंच शिकून काय वावर नांगरणार?" "त्यापरीस डी.एड. काहून नाही करत?" डी.एड. करून वर्षानुवर्षं भरतीची वाट पाहत बसलेली पोरं यांच्याच गल्लीत राहतात, तरी सल्ला तोच.

हसणाऱ्यांना मला काही नावं सांगायची आहेत. एकही नाव पुढाऱ्याचं नाही, तरी वाचा.

मराठी भाषा कशी घडली, संस्कृत-प्राकृतातून तिचे उच्चार कसे बदलत आले, प्रत्यय कुठून आले, याचा पहिला पक्का शास्त्रीय इतिहास कोणी लिहिला? पुण्यातल्या पंडितानं नाही, नागपूरच्या नाही. झ्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच माणसानं. १९१४ चा त्याचा प्रबंध, १९२० साली पॅरिसला पुस्तक म्हणून आला, 'ला फॉर्मासियों द ला लांग मराठ'. म्हणजे मराठी भाषेची घडण. आपल्या भाषेवरचा पायाभूत ग्रंथ फ्रेंचमध्ये! आणि पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्याचं इंग्रजी भाषांतर १९७० साली आलं. मराठी भाषांतर मात्र १९४१ सालीच आलं होतं, 'मराठी भाषेचा विकास' या नावानं, प्रा. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेलं. इंग्रजीच्या एकोणतीस वर्षं आधी! मराठी वाचकाला इंग्रजीची वाट पाहावी लागली नाही, कारण आपल्यातला एक माणूस मधल्या इंग्रजीशिवाय फ्रेंचपर्यंत पोचला. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. पेढे खाताना ब्लॉकची आठवण किती जणांना झाली, आणि परांजप्यांची?

दुसरं नाव गी देल्युरी. जेझुइट पाद्री, पण जडला विठोबाला. १९५६ साली पॅरिसच्या गालिमार या नामांकित प्रकाशनानं त्यानं केलेली तुकोबांच्या अभंगांची फ्रेंच भाषांतरं छापली. १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं विठ्ठल संप्रदायावरचा त्याचा इंग्रजी ग्रंथ काढला, जो आजही वारीवर अभ्यास करणाऱ्याला टाळता येत नाही. तिसरं नाव शार्लोत व्होदव्हील. आपल्याकडं गावोगावी संध्याकाळी देवळात जो हरिपाठ म्हणतात, ज्ञानोबांचा, तो या बाईनं १९६९ साली फ्रेंचमध्ये नेला, अभ्यासासकट. आपल्या मंडळातले टाळकरी बुवा रोज जे म्हणतात त्यावर पॅरिसमध्ये पुस्तक आहे, हे त्यांना कोणी सांगितलंय का? मी एका बुवांना सांगितलं. ते म्हणाले, "बाप्पा! त्यायले चाल कोनती लावली?" मला उत्तर देता आलं नाही.

आणि चौथं नाव, माझ्या मते सगळ्यांत मोठं, गी प्वातवाँ. हा माणूस १९७० च्या दशकात पुण्यात आला, इथलाच झाला, भारताचं नागरिकत्व घेतलं. हेमा राईरकर आणि त्यानं मिळून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. गावोगाव, घरोघर. पहाटे दळता दळता बाया जे गायच्या, सासुरवासाचं, भावाच्या वाटेचं, विठ्ठलाचं, सीतेच्या वनवासाचं, बाबासाहेबांचं, ते सगळं. एक लाखाहून जास्त ओव्या! बर्नार बेल नावाच्या दुसऱ्या फ्रेंच अभ्यासकानं त्या संगणकावर नीट मांडून ठेवल्या. प्वातवाँ २००४ ला गेले, हेमाताई २०१० ला. पण तो ठेवा आज 'पारी'च्या संकेतस्थळावर मराठीतूनच ऐकायला मिळतो, फुकट. विजेची चक्की आली आणि जातं उकिरड्याच्या कडेला गेलं, तेव्हा आपल्या आज्यांचं गाणं जतन करावं असं आपल्यातल्या किती शिकलेल्यांना वाटलं? माझ्या आजीच्या ओव्या तिच्याबरोबरच गेल्या. तेव्हा टेप रेकॉर्डर घरात होता, लग्नाच्या कॅसेटी वाजवायला.

हे मी फ्रेंच लोकांची आरती ओवाळायला सांगत नाही. त्यांनी वसाहती केल्या, अल्जेरियात काय केलं ते जगाला माहीत आहे. सांगायचं एवढंच की तिकडची माणसं आपली भाषा शिकून आपल्या घरातलं सोनं वेचून गेली आणि आपण त्यांची भाषा शिकायची म्हटली की पारावर हशा पिकतो.

आपल्या तालुक्याचंच उदाहरण घ्या. कारंजा म्हटलं की आपल्याला नृसिंह सरस्वती आठवतात, बरोबरच आहे. पण कारंज्याच्या जैन ग्रंथभांडारांत अपभ्रंश भाषेतल्या जुन्या पोथ्या होत्या. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि आजच्या भाषा यांच्या मधली पायरी. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे पुढच्या विदर्भ महाविद्यालयात, शिकवणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी १९३० च्या दशकात त्यातल्या पोथ्या संपादित करून 'कारंजा जैन ग्रंथमाला' काढली. आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर असलेलं हे धन जगातल्या विद्यापीठांत पोचलं. प्राकृत-अपभ्रंशावर, जुन्या मराठीवर जगात जे काम झालं त्यातलं भरपूर फ्रेंच आणि जर्मनमध्ये आहे. ते वाचायला कारंजा तालुक्यातून एक तरी पोरगं-पोरगी तयार व्हायला नको का? पुण्यातल्याच लोकांनी वाचावं असं काही शास्त्र आहे का?

आता भाषेबद्दल. आपल्या लोकांच्या मनात एक धास्ती असते की ज्याची इंग्रजीच कच्ची त्याला फ्रेंच काय येणार. मी स्वतः फ्रेंचचा पंडित नाही, पण त्या मुलीच्या वह्या पाहिल्या, तिच्याकडून समजून घेतलं, काही पुस्तकं चाळली. आणि माझं मत उलटं झालंय. मराठीत वाढलेल्याला फ्रेंचच्या काही गोष्टी इंग्रजीवाल्यापेक्षा सोप्या जातील.

लिंगच घ्या. इंग्रजीवाला टेबल 'ती' कशी म्हणून डोकं धरून बसतो. आपल्याला काय त्याचं? आपल्याकडं तर खुर्ची ती, पलंग तो आणि टेबल ते. तीन लिंगं सांभाळणाऱ्याला दोनाची काय भीती. तू आणि तुम्ही हा फरक इंग्रजीत नाही, फ्रेंचमध्ये आहे, 'त्यू' आणि 'व्हू'. सासऱ्याला 'तू' म्हणायचं नाही हे आपल्या लेकराला शिकवावं लागत नाही. भूतकाळ घ्या. आपण 'तो गेला, ती गेली' म्हणतो, क्रियापदाचं रूप माणसाप्रमाणं बदलतं. फ्रेंचमध्येही जाणं-येणं या क्रियापदांत बाईसाठी लिहिताना रूप बदलतं. आणि 'तिनं आंबा खाल्ला, तिनं चिंच खाल्ली' यात आपलं रूप खाल्लेल्या वस्तूप्रमाणं बदलतं ना? फ्रेंचमध्येही, वस्तू वाक्यात आधी आली तर, अगदी तसंच होतं. इंग्रजीवाले या नियमावर वर्ष-वर्ष रडतात.

पण सगळ्यांत मजा आकड्यांची. फ्रेंचमध्ये सत्तरला वेगळा शब्द नाही, 'साठ-दहा' म्हणतात. ऐंशीला म्हणतात 'चार-वीस'. नव्वद म्हणजे 'चार-वीस-दहा' आणि नव्व्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-नऊ'. हे ऐकून शहरातली पोरं हसतात. आपल्या गावात हसायचं काही कारण नाही. आपल्या म्हाताऱ्या बाया अजून कशा मोजतात? "तीन इसा आन् दहा." "चार इसा." वीस-वीसचे ढीग लावून मोजायची पद्धत, कोंबड्या असोत की गोवऱ्या. म्हणजे शाळेत न गेलेली आपली आजी आणि पॅरिसचा बँक मॅनेजर ऐंशी एकाच पद्धतीनं मोजतात! २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'सत्तावन्न'च्या जोडीला 'पन्नास सात' आणलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गोंधळ झाला होता. फ्रेंच लोक 'चार-वीस-दहा-नऊ' म्हणत विमानं बनवतात, त्यांचं काही अडलं नाही.

शब्दही आपल्या ओळखीचे निघतात. राशन, कूपन, गॅरेज, मेनू, हॉटेल, हे इंग्रजीमार्गे आले, पण मूळ फ्रेंच. राशनच्या दुकानात कूपन घेऊन रांगेत उभा असलेला आपला माणूस दोन फ्रेंच शब्द वापरत असतो.

अवघड काय, तर उच्चार. लिहितात सात अक्षरं, बोलतात तीन. आणि दुसरी अडचण मोठी आहे. मराठीतून फ्रेंच शिकवणारी चांगली साधनं हाताला लागत नाहीत. व्याकरणाचा प्रत्येक नियम इंग्रजीतून समजावलेला. म्हणजे जे मराठीतून एका मिनिटात कळतं ते इंग्रजीच्या डोंगराला वळसा घालून शिकायचं. 'चार इसा' म्हटलं की जे लख्ख डोळ्यांपुढं येतं, ते 'फोर ट्वेंटीज' म्हणून येत नाही.

आता संस्कृतीचं. विद्यापीठात फ्रेंच शिकायची म्हणजे आयफेल टॉवर आणि अत्तरं एवढंच नसतं. त्यात फ्रान्सनं स्वतःच्याच बोलींचं काय केलं हेही येतं, आणि तिथं वऱ्हाडी माणसाचे कान टवकारायला हवेत. १५३९ मध्ये राजानं कोर्टकचेरीतून लॅटिन काढून फ्रेंच आणली, ठीक. पण १७९४ मध्ये, क्रांतीनंतर, आबे ग्रेगवार नावाच्या गृहस्थानं अहवाल मांडला की देशातल्या बोली संपवून टाकल्या पाहिजेत, तेव्हाच एक राष्ट्र होईल. पुढं शंभर-दीडशे वर्षं शाळांतून तेच चाललं. ब्रेतान्य भागात शाळेत मूल घरची ब्रेतों बोलताना सापडलं की त्याच्या गळ्यात लाकडी जोडा किंवा तसली काहीतरी वस्तू अडकवायचे. दुसरं कोणी बोलताना सापडलं की ती त्याच्या गळ्यात. मुलांनाच एकमेकांवर पाळत ठेवायला लावायचं. १९५१ साली कायदा करून प्रादेशिक भाषा थोड्याफार शिकवायला परवानगी दिली, तोवर बरंच होतं नव्हतं झालं होतं.

हे वाचताना मला आपली पोरं आठवतात. पुण्याच्या होस्टेलात 'मी जेवून राहिलो' म्हटलं की खोलीभर हसू. गळ्यात जोडा अडकवत नाहीत, पण सहा महिन्यांत पोरगं 'जेवतोय' म्हणायला लागतं आणि दिवाळीला घरी आलं की आईशी बोलताना अडखळतं. आनी एर्नो ही २०२२ ची साहित्याची नोबेल मानकरी. नॉर्मंडीतल्या एका छोट्या गावी आईबापाचं किराणा आणि कॅफेचं दुकान. शिकून ती मोठी झाली आणि बापाच्या बोलण्याची, वागण्याची तिला लाज वाटू लागली. त्या लाजेवर, त्या बापावर तिनं १९८३ साली एक लहानसं पुस्तक लिहिलं, 'ला प्लास'. साधं, कोरडं, कुठं रडारड नाही. नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' आपल्याकडं घराघरांत वाचलं गेलं, ते फ्रेंचमध्येही गेलंय. दया पवारांचं 'बलुतं' फ्रेंचमध्ये गेलंय. एर्नोचा बाप आणि जाधवांचा बाप एकाच बाकावर बसवून अभ्यास करणारी मुलगी वाशिम जिल्ह्यातून निघाली तर ती काय लिहील, याची मला उत्सुकता आहे. पॅरिसमधल्या प्राध्यापकाला ते लिहिता येणार नाही.

स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द आपण फ्रेंच राज्यक्रांतीचे म्हणून शाळेत शिकतो. बाबासाहेबांनी मात्र १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात स्पष्ट सांगितलं होतं की माझं तत्त्वज्ञान मी फ्रेंच क्रांतीकडून उसनं घेतलेलं नाही, ते माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून आलं आहे. फ्रेंच संस्कृती शिकायची तर ती अशी, ताठ मानेनं. तिथलं घ्या, पण आपलं काय आहे तेही ठाऊक असू द्या. ख्रिस्तोफ जाफ्रलो या फ्रेंच अभ्यासकानं २००० साली बाबासाहेबांवर फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिलं. आणि फ्रेंच म्हणजे फक्त गोरे असंही नाही. मार्तिनिक बेटावरचा एमे सेझेर, सेनेगलचा सँगोर, या काळ्या कवींनी फ्रेंचमध्येच लिहून फ्रेंचांना आरसा दाखवला. दलित साहित्य वाचून मोठं झालेल्या पोराला सेझेर समजावून सांगावा लागणार नाही.

बरं, आता त्या बापाचा प्रश्न. नोकरी लागते का?

खरं सांगतो. नुसतं बी.ए. फ्रेंच करून सरकारी नोकरीची लाईन नाही. एम.ए., नेट केलं तर प्राध्यापकी, पण जागा थोड्या. शहरांतल्या शाळांत फ्रेंच शिक्षक लागतात. पुणे-मुंबई-बेंगळुरूच्या कंपन्यांत फ्रेंच ग्राहकांची कामं असतात, भाषांतर असतं. तिथं भाषेबरोबर दुसरं काहीतरी हातात हवं, अकाउंट म्हणा, संगणक म्हणा. पर्यटन आहे, अजिंठा-वेरूळला फ्रेंच पाहुणे येतात. आणि आपल्या सगळ्यांत जवळचं म्हणजे नागपूर. मिहानमध्ये दासो या फ्रेंच कंपनीचा रिलायन्सबरोबरचा कारखाना आहे, आणि जून २०२५ मध्ये जाहीर झालं की फाल्कन २००० हे अख्खं विमान तिथं बनणार, पहिलं २०२८ पर्यंत बाहेर पडणार. समृद्धी महामार्ग कारंज्यावरून जातो, आपली जमीन त्यात गेली. त्या रस्त्यावरून विमानाच्या कारखान्यात आपलं पोरगं गेलं पाहिजे, नुसता टोल देऊन भागणार नाही. सगळ्यांना तिथं फ्रेंच लागते असं नाही, पण ज्याला येते तो रांगेत पुढं उभा असतो.

शिकायचं कुठं? पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, त्याच आवारात पत्रकारिता विभागही आहे. मुंबई विद्यापीठात आणि गोवा विद्यापीठात फ्रेंचचे विभाग आहेत. हैदराबादला इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ आहे, केंद्राचं. दिल्लीच्या जेएनयूमध्ये फ्रेंचचं बी.ए. आहे आणि त्याला आधी फ्रेंच येत असलीच पाहिजे अशी अट नाही. तिथला प्रवेश सीयूईटी परीक्षेतून, आणि ती परीक्षा तेरा भाषांत होते, त्यात मराठी आहे. केंद्रीय विद्यापीठात फी कमी, होस्टेल आहे. चार एकरवाल्या बापाला खासगी क्लासपेक्षा हे परवडतं. हे आपल्याकडं कोणी पोरांना सांगतच नाही. बारावीनंतर आपल्याकडं माहिती मिळते ती फ्लेक्सवरून, आणि फ्लेक्स लावतो तो ज्याला फी घ्यायची आहे.

फ्रान्सला जायचं असेल तर त्याचंही ऐका. राष्ट्राध्यक्ष माक्राँ जानेवारी २०२४ मध्ये प्रजासत्ताक दिनाला आले तेव्हा म्हणाले, २०३० पर्यंत तीस हजार भारतीय विद्यार्थी हवेत. आधी वर्षभर भाषा शिकवून मग तिथल्या विद्यापीठात घेणारे वर्गही जाहीर केले. त्यांना पोरं हवी आहेत, उपकार म्हणून नाही, त्यांची गरज म्हणून. पण युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांची सरकारी विद्यापीठातली फी २०१९ मध्ये वाढवून पदवीला वर्षाला २,७७० आणि पदव्युत्तरला ३,७७० युरो केली. राहणं-खाणं वेगळं. काही विद्यापीठं सूट देतात, ते आधी विचारायचं. फ्रेंचमधून पदवी करायची तर साधारण बी-टू पातळी लागते, ती डेल्फ परीक्षेनं सिद्ध करतात. कॅम्पस फ्रान्स ही फ्रान्स सरकारची संस्था आहे, माहिती तिथून घ्या. अकोला-अमरावतीत 'फ्रेंच शिका, कॅनडा गाठा' म्हणणारे दलाल फिरतात. कॅनडात फ्रेंच येणाऱ्यांना २०२३ पासून वेगळा प्राधान्यगट आहे हे खरं, पण तीन महिन्यांच्या क्लासवर ते होत नाही. जमीन गहाण ठेवण्याआधी कोणाला तरी विचारा, मला विचारा, फुकट सांगतो.

मग आता करायचं काय. माझ्या मागण्या फार नाहीत. संत गाडगेबाबांच्या नावाचं आपलं अमरावती विद्यापीठ १९८३ पासून आहे. त्यानं संलग्न कॉलेजांत फ्रेंचचा साधा प्रमाणपत्र वर्ग ऑनलाईन सुरू करावा. एक चांगला शिक्षक अमरावतीत बसून पाच जिल्ह्यांना शिकवू शकतो. कोरोनात आपण बारशी ऑनलाईन केली, हे का होणार नाही? वाशिम २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आकांक्षा म्हणजे नुसते शौचालयाचे आकडे नाहीत, पोरीला फ्रेंच शिकावी वाटते ही पण आकांक्षाच आहे, जिल्हाधिकारी कार्यालयानं तिचाही एखादा रकाना करावा. आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय, लीळाचरित्राच्या गावात. तिथं मराठीतून फ्रेंच आणि जर्मन शिकवण्याची पुस्तकं तयार व्हावीत. मराठी विद्यापीठात फ्रेंच कशाला, असं कोणी विचारलं तर त्याला परांजप्यांचं १९४१ चं पुस्तक दाखवा.

शहरातल्या मंडळींनाही एक सांगणं आहे. मार्कांसाठी घेतलेली तुमच्या लेकरांची फ्रेंचची पुस्तकं निकालानंतर घरात पडून असतात. रद्दीत घालू नका. कामरगावला पाठवा. शब्दकोश असेल तर आधी तो. इथं आता फ्रेंच शिकणारी तिघं आहेत, त्या मुलीचं पाहून दोन पोरं अजून आली, एक तर गॅरेजात काम करतं. रविवारी सकाळी वाचनालयाच्या ओट्यावर बसतात. पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकवणारं कोणी ही पोस्ट वाचत असेल आणि आठवड्यातून एक तास मोबाईलवर उच्चार दुरुस्त करून देणार असेल, तर इनबॉक्समध्ये लिहा. नेट इथं सकाळी बरं चालतं, दुपारी लाईन जाते.